विषय क्रमांक चार : लिफ्ट

कोपरखैरणे, सेक्टर अकरा. पार्किंगमध्ये सभा.
सातशे चारचे उपासनी खुर्चीवर चढले,
माइक हिसकावला, हिशेबाची फाइल
गटाराच्या जाळीवर आपटली
आणि बोलता बोलता चेअरमनच्या सासऱ्यापर्यंत पोचले.

मी सेक्रेटरी. इतिवृत्त मला लिहायचंय.
‘श्री. उपासनी यांनी सभेत’
इथे पेन थांबलं.

गोंधळ घातला?
गोंधळ तर देवीचा, त्याला संबळ लागतं, पोत लागतो.
शिमगा होळीचा. तांडव शंकराचं.
हैदोस, म्हणे, मोहरमच्या मिरवणुकीतून आला.
तमाशाला लोक तिकीट काढून जातात.
कुणाकुणाचे देव, कुणाकुणाचे सण
आपण शेजाऱ्याच्या अंगावर फेकायला ठेवलेत.
राडा लिहावं, तर उद्या पोलीस विचारतील.

तळमजल्याचे हरेश्वर मढवी खुर्च्या रचत होते.
बावीस वर्षं जहाजावर भंडारी,
हाँगकाँगच्या धक्क्यावर कँटनीज शिकले
मासळीवाल्यांकडून, म्हणजे आधी शिव्या.
‘त्यांच्यात पन शब्द हायेत, मॅडम.
उगा लुडबुड, खोड्या, ते काव-काव-चन.’
(कावळाच ओरडला की काय, मला वाटलं.)
‘हरनारा मानूस लाज सोरून अंगावर येतो ना,
ते फात-लान-चा. सरका गाल फसफसून वर येतो तसा.
आन नुसता कलकलाट, तो पा-पै.’

पा-पै?

‘यो आपलाच. तिकरं एक म्हातारा सांगायचा,
कवातरी आपले व्यापारी त्या बंदरात
भाव ऐकून वरडायचे, बापरे, बाप रे.
अर्थ नाय कलला त्यांना. आवाज तेवरा ऱ्हायला.
खरं-खोटं दर्याला ठावं.’

मी वर पाहिलं. सातव्या मजल्यावर दिवा होता.
लिफ्ट बंद, आज एकोणिसावा दिवस.
मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिसला,
उपासनी आईला खुर्चीत बसवून उतरवतात,
पुढून ते, मागून वॉचमन,
प्रत्येक मजल्यावर टेकवत.
लाल खुर्ची, एक हात मोडलेला.
मघाशी चढले होते ती तीच.

‘श्री. उपासनी यांनी सभेत’
पुढे तीन ठिकाणी खोडलं. मग लिहिलं :
बापरे म्हटलं.

चेअरमन सही करेनात.
चष्मा पुसून पुन्हा वाचतात,
म्हणतात, हा काय शब्द झाला?