टायरचा फोटो

सावदा-फैजपूर रस्त्यावर माझं दुकान.
केळीच्या ट्रकांचे टायर वाचतो मी.
कोण डुलक्या घेतं, कोण जास्तीचा माल भरतं,
रबर सगळं सांगून टाकतं.

खुशाली तिकडे कोइमतूरला,
पंधराव्या वर्षी, एका सीटच्या गाडीत.
वजनात कमी भरली
म्हणून सीटखाली चार किलो शिसं बसवलं.
तिची आई अजून चिडलेली :
पोरीला जेवू घाला ना,
शिसं काय घालता!

ट्रकात क्लीनर असतो,
डोळा लागला तर हाक मारायला.
हिच्या शेजारी
जागाच नाही.

रात्री फोटो आला. कपाचा नाही,
नववी आली होती.
पुढच्या डाव्या टायरचा,
एकाच जागी घासून सपाट झालेला.
कुठल्याशा वळणाआधी
चाक जाम, आणि गाडी सरळ घसरत गेलेली.

चष्मा लावून पाहिलं.
"घाबरली का व माय?"

पलीकडे बराच वेळ
कुणीतरी नुसते पाने आवरत होतं, खण् खण्.
मग म्हणाली, "हो.
इथं कुणाला नाही सांगितलं."

बाहेर रावेरची गाडी
हवा भरायला हॉर्न देत होती.
देऊ दे.