पाचवा खिसा

उरेन्यात माझ्या वाट्याचं काम एवढंसंच:
जीन्सच्या उजव्या खिशाच्या पोटात
आणखी एक इवलासा खिसा बसवायचा.
दोन बोटं आत गेली तर तिसरं बाहेर राहील, असा.
तो कशासाठी, हे एकवीस वर्षांत
मला कुणी धड सांगितलं नाही.
ब्राउलिओ म्हणायचा, घड्याळासाठी.
कापणीवरची नोराल्बा म्हणायची, पाप ठेवायला.

दिवसाला सहाशे खिसे.
कापड यायचं पुलापलीकडून, मेदेयीनहून,
निळं, जड, घड्या मोडताना बोटं रंगवणारं.
झिपा पलीकडच्या. पितळी टिकल्याही पलीकडच्या.
आणि शिवून झालं की पँट पुन्हा पलीकडे.
नदी तर एवढीशी,
उन्हाळ्यात कोंबडी पाय न भिजवता जाईल.
देश कुठं संपतो ते शाळेतल्या नकाशाला ठाऊक.
आम्हाला ती मधली शिवण वाटायची,
दोन तुकडे धरून ठेवणारी.

एप्रिलात टीव्हीवर राजधानी बोलली:
शेजाऱ्यांच्या त्या करारातून आपण बाहेर पडतोय.
निम्मं वाक्य पंख्यानं खाल्लं.
दॉन एवेलिओनं आवाज वाढवला नाही.
म्हणाला, पाच वर्षं जुनीच सवलत आहे,
पाच वर्षांत पाळण्यातलं पोर शाळेत जातं. बघू.

मोडलं ते एका दिवसात नाही.
आधी झिपा आल्या नाहीत, आम्ही बटणं लावली.
मग बटणं मोजून मिळू लागली.
मग कापड आलं, जकातीनं फुगलेलं,
दॉन एवेलिओ त्याच्यावरून नुसता हात फिरवायचा
आजारी जनावरावरून फिरवावा तसा.
बुकारामांगाचा दुकानदार
एकदा फोनवर फार गोड बोलला.
तेव्हाच ओळखलं.

चाळीस यंत्रांची सव्वीस झाली, सव्वीसची नऊ.
विकलेल्या यंत्रांच्या जागी फरशीवर
तेलाचे काळे चौकोन राहिले.
आम्ही त्यांना वळसा घालून चालायचो,
अजून तिथं कुणी बसलंय असं.

सगळा दोष त्या सहीचा नव्हे.
नंतर नोटांची रद्दी झाली,
नंतर पुलावर कंटेनर आडवे पडले.
मोठी माणसं यावर भांडतात, भांडोत.
पण उसवायला कुठून लागलं,
ते शिवणारीला दिसतं.

मग ज्या वाटेनं गाठोडी जायची
त्याच वाटेनं माणसं जायला लागली.
मारकाइबोहून, बारिनासहून, कुठकुठून.
त्यांच्यावर जकात नव्हती.
रात्रभर चाकांच्या बॅगा गल्लीतून खडखडायच्या,
झोपेत वाटायचं पाळी सुरू झाली.
माझी दोघं तशीच गेली. थोरली लिमाला.
धाकटा अजून वाटेतच आहे असं म्हणतो,
दोन वर्षं झाली.

कारखान्याच्या दारातच बसते मी आता,
एक यंत्र, एक स्टूल.
तुटलेले पट्टे शिवते, फाटक्या बॅगांना ठिगळ लावते.
धंदा बरा आहे. सांगायला लाज वाटते.

परवा एक पोरगा आला, ओठावर नुसती लव.
म्हणाला, काकू, हा छोटा खिसा वरून बंद करा.
आत वीस डॉलरची नोट, आठ घड्या घातलेली,
आणि किराण्याच्या पिशवीचा तुकडा,
त्यावर कुणाचा तरी फोन नंबर.
पँट गुडघ्यांवर विरलेली, बहुधा बापाची.
खिशाच्या डाव्या कोपऱ्यात
एक जादा उलटी टीप होती.
ती टीप कारखान्यात फक्त मी मारायची.
मुकादम त्यासाठी ओरडायचा, दोरा वाया जातो म्हणून.

मी काही बोलले नाही.
कच्चे टाके घातले, गाठ मारली नाही.
म्हटलं, डोंगरावर थंडीत बोटं चालणार नाहीत,
ब्लेड लावू नकोस, नोट कापशील.
हे टोक धर आणि ओढ.
सगळं आपोआप सुटेल.

तो पुलाकडे गेला.
पैसे द्यायचे विसरला,
आणि मीही हाक मारली नाही.