घमेल्यातला तलाव

विज्ञानाचा तास. साहित्य:
घमेलं एक, पाणी हापशीचं,
खिचडीवाल्या ताईंकडून मागून आणलेली
मूठभर भिजवलेली कणीक, एक खिळा.
हजर एकोणीस. घमेल्याभोवती डोकीच डोकी,
पाण्यापर्यंत उजेड पोचेना.

खिळा टाकला. तळाशी गेला.
"लोखंड हाय ना जी," तिसरीतला खुशाल म्हणाला.
"मग समुद्रातली जहाजं कशाची असतात?"
खुशालनं डोकं खाजवलं.

कणकेचा गोळा टाकला. बुडला.
तोच काढला, निथळला,
अंगठ्यानं दाबत दाबत त्याची वाटी केली
(वाकडी, माझ्या पोळ्यांसारखी)
आणि ठेवली अलगद.
राहिली.
"कणीक तेवढीच. चिमूटभरही कमी नाही."
"मंग काहून?"

मी पाठ केलेलं सांगितलं:
वाटी पाणी बाजूला सारते,
आणि सरलेल्या पाण्याचं जेवढं वजन,
तेवढ्या जोरानं पाणी तिला वर रेटतं.
गोळा आवळून बसलेला,
त्यानं सारलं थोडंच.
एकोणीस माना हलल्या.
सगळ्या एकदम हलल्या की मी समजते,
कुणालाच समजलेलं नाही.

तेव्हा मोगरा, वलथऱ्यांची,
जी हजेरीलाही मानेनंच उत्तर देते,
पुढे आली.
करंगळीनं वाटीत पाणी सोडलं, थेंब थेंब.
वाटी कलली, गेली.
"आमच्या डोंग्याले चीर हाय," ती म्हणाली.
"माय जाळं टाकते, मी डब्यानं पानी उपसतो.
उपसनं थांबलं का डोंगा जड होते.
आत रिकामं ठेवा लागते जी.
रिकामं हाय म्हून तरते."

पुस्तकात हे वाक्य नाही.
फळ्यावर लिहिलं,
शुद्धलेखन न सुधारता.

शाळा सुटल्यावर तिनं मला मामा तलावावर नेलं.
मी बुलढाण्याकडची. आमच्याकडे पाणी टँकरनं यायचं.
पोहता येत नाही, हे मुलांना सांगितलं नव्हतं.
डोंग्याच्या अंगावर एक काळी ओली रेघ होती.
मी पाय ठेवला,
रेघ पाण्याखाली गेली, तीन बोटं.
माझ्या वजनाचं पाणी, मोजून,
न कुरकुरता सरकलं
कमळाच्या पानांकडे.

मी दोन्ही हातांनी कड धरलेली.
मोगरानं बांबू रोवला,
पायानंच डबा माझ्याकडे ढकलला.
"अजून दोघं मावतेत," म्हणाली,
"पन तुमी उपसत राहा."