सातव्या खांबाचा पंचनामा

पूल पडला नाही, हे आधी लिहून घ्या, साहेब म्हणाले.
सातव्या आणि आठव्या खांबामधला गाळा पडला.
बाकीचा पूल जागेवर आहे.
मी तसं लिहिलं.
अलीकडून हाक मारली तर पलीकडच्या टपरीवर
चहा सांगता येतो. मिळत नाही.

चौकशी भरली पांगारी बंदराच्या शाळेत, सातवीच्या वर्गात.
फळ्यावर अपूर्णांक तसेच होते.
यासीन होडेकर, बार्जचा तांडेल,
लहान बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला
आणि पहिल्याच प्रश्नाला म्हणाला, चूक माझीच.
साहेबांना ते आवडलं नाही.
चौकशी अशी एका वाक्यात संपत नसते.
वेळ किती? पाणी किती? माल किती?

"पहाटेचे पावणेपाच. अमावास्येचं उधाण.
पोटात नऊशे टन बॉक्साइट.
रिव्हर्स मारला, सायेब, पन भरलेला बार्ज म्हशीगत.
ऐकतो, पन उशिरा."

खांबावरचा दिवा दिसला नाही?

"कुठला दिवा?"

सुलोचना डोर्लेकर, वय साठ, धंदा कालवं फोडणे:
"सातव्याची लाल बत्ती गणपतीपासून पेटत नाय.
कुनाला सांगायचा?
वायरमन म्हनला, आमची नाय.
बंदरवाला म्हनला, आमची नाय.
मग आमीच खांबाला सफेद पिशवी बांधली."
ती पिशवी मुद्देमालात आहे. खताची.

बांधकाम खातं म्हणतं, खांब आमचा, दिवा बंदर खात्याचा.
बंदर खातं म्हणतं, दिवा खांबाचा, आमचं फक्त पाणी.
वाळूच्या ठेकेदाराचा वकील म्हणाला,
पूर्वी जहाजं सहाव्या गाळ्यातून जायची हे खरं,
पण खाडीने वाट बदलली ती आपसूक.
दोन सक्शन पंप सहा वर्षं रात्रभर चालत होते,
ते काय ऐकत बसले होते का,
हे मी विचारलं नाही. मी टंकलेखक.

मन्सूर सोलकर, पाववाला, त्या वेळी पुलावर होता.
भोंगा वाजला याबद्दल सगळ्यांचं एकमत.
तीन साक्षीदार म्हणतात, बार्जचा.
दोन म्हणतात, मन्सूरचा, सायकलचा, रबरी.
मन्सूर मिळाला तिसऱ्या दिवशी.
त्याचा पत्र्याचा डबा त्याआधीच, कांदळवनात अडकलेला,
झाकण घट्ट. आत पाव कोरडे.
हे घेऊ नका, साहेब म्हणाले. कारणाशी संबंध नाही.

रकाना अकरा: अपघाताचे कारण. जागा दीड इंच.
रकाना बारा: जबाबदार व्यक्तीचे नाव.
व्यक्ती, एकवचनी.

रात्री विश्रामगृहात कागद लावत होतो.
खालून चौथा:
सातव्या खांबावरील दिव्यास बॅटरी मिळणेबाबत.
सोबत प्रती दोन.
तीन लागतात.
वर लाल शाईत शेरा,
त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावे,
आणि खाली ती लांब शेपटीची सही
जिला माझी बायको हसते.

पंखा कुरकुरत होता. बराच वेळ ऐकला.
मग मी पानाला नंबर दिला. त्रेसष्ट.

सकाळी साहेबांनी वाचलं, चष्मा पुसला.
तुम्ही आवक टेबलावर किती वर्षं होता?
चार.
बरं, म्हणाले, आणि पान चौसष्ट उघडलं.

परतताना होडीतून सातवा खांब अगदी जवळून दिसतो.
लोखंड घासलं तेवढी जागा पांढरी.
सुलोचनाबाई ओहोटीच्या पाण्यात, हातात कोयती.
"परत धरायला लागली कालवं," तिने ओरडून सांगितलं,
"पन बारकी हाईत अजून."
मी मान हलवली. रकाना बारा मांडीवर, कोरा.

होडीवाला यासीनचा भाऊ. माणशी दहा रुपये.
माझ्याकडे पाचशेची नोट.
राहू दे, म्हणाला, इकडे येणं होईलच तुमचं.