कप्प्यांचं ताट

कन्नमवार नगरात साडेनऊनंतर
भाजीवाल्या वाटे लावतात.
दिवसभर तोऱ्यात असलेली गवार
दहा रुपयांत पिशवीत येते,
वांगी जरा सुरकुतलेली, पण मनानं चांगली.
वेणूताई गोणपाट झटकत म्हणते,
दुधी ने रे धुरी, उद्या कोण विचारतंय त्याला.

मी नेतो.
कारण चोवीस तारीख आहे,
सिलिंडर हलवून पाहिला तर हलका लागतो,
आणि दुधी कोणी मागत नाही म्हणून स्वस्त असतो.
आमच्या घरातही कोणी मागत नाही.

यज्ञेश, वय वर्षं सहा, त्याचे कायदे आहेत.
पांढरं चालेल. पिवळं चालेल.
हिरवं असलंच तर त्यानं दिसू नये.
कढीपत्ता तो पंचनामा करावा तसा
एकेक उचलून ताटाच्या कडेला मांडतो.
आणि सगळ्यात मोठा गुन्हा:
आमटी भाताला लागली.

पोटात सगळं एकच होतं म्हटलं,
तर दोन दिवस स्वतःच्या पोटाकडे
संशयानं बघत राहिला.
शेवटी स्टेशनजवळच्या भांडेवाल्याकडून
कप्प्यांचं ताट आणलं. एकशे साठ.
तेवढ्यात चार किलो कांदे आले असते.
सुनेत्राला मी एकशे दहा सांगितले.

तिची रात्रपाळी, राजावाडीच्या वॉर्डात.
रात्रीचा ओटा माझा.
शिळा भात कुस्करून ज्वारीच्या पिठात मळला
की थालीपीठ मऊ होतं, पीठही कमी लागतं,
हे मला कोणी शिकवलं नाही, महिनाअखेरीनं शिकवलं.
दुधी किसायचा, पिळायचा,
पाणी आमटीत, चोथा पिठात,
वर हळद जरा सढळ हातानं.
दुधी पिवळा झाला की कायद्यात बसतो.

तीन महिने बिनबोभाट चाललं.

काल तो स्टुलावर चढला.
म्हणाला, भोकं मी पाडणार.
बोट तेलात बुडवून, जीभ बाहेर काढून,
एक मधोमध, चार कडेनं,
लिफ्टचं बटण दाबावं तसं.
मग परातीवर वाकून वास घेतला.

पप्पा, यात दुधी आहे ना?

मी गॅस बारीक केला. उगाच.
आहे, म्हटलं.
मला माहितीये. आधीपासून.
पण तो दिसत नाही ना,
म्हणून मीपण बोललो नाही.

दोन खाल्ली. तिसऱ्यातलं निम्मं.
आमटीतल्या कढीपत्त्याचा पंचनामा झालाच.

मग आईसाठी झाकून ठेवायला
त्यानं स्वतःचंच ताट धुऊन आणलं.
एका कप्प्यात थालीपीठ, एकात भात.
मी नेहमीसारखा भातावर आमटी ओतायला गेलो,
तर त्यानं डाव धरला.
मम्मीला लागलेलं आवडत नाही.
अरे, तुला आवडत नाही.
नाही. मम्मीला.

सकाळी साडेआठला सुनेत्रा आली,
चपला न काढताच दाराला टेकली क्षणभर.
ताटावरचं झाकण काढलं आणि बघत राहिली.
मी हसत म्हटलं, तुझा पोरगा काय म्हणतो ऐक.
ऐकून ती हसली नाही.
भाताचा घास कोरडाच घेतला,
मग आमटी, वेगळी, चमच्यानं.
म्हणाली, लहानपणी मार खाल्लाय मी यासाठी.
मग सवय झाली.

खाली कोणीतरी रद्दीवाल्याला थांबवत होतं.
सिलिंडर अजून तीन दिवस जाईल बहुतेक.
अकरा वर्षं मी हिच्या भातावर
न विचारता आमटी ओततोय.