अर्धी गोळी

वसमत रोडला माझं दुकान, तराजू दुरुस्तीचं.
किराणावाल्यांचे, सोनारांचे, रद्दीवाल्यांचे
बिघडलेले काटे येतात
आणि खरं बोलायला शिकून परत जातात.
त्यातल्याच एकावर दर सोमवारी
सरपंच बसतो.
मागच्या दिवाळीला सहा किलो दोनशे.
आज चार किलो तीनशे पन्नास.
काटा दोनदा शून्यावर आणून पाहिला.
चूक काट्याची नव्हती.

सरपंच म्हणजे आमचा बोका.
पोट आणि रुबाब बघून इंदुमतीनं ठेवलेलं नाव.
पोट गेलं.
बादलीत तोंड घालून पाणी पीत राहतो,
मागचे पाय टाचांपर्यंत टेकवत चालतो.
रुबाब तेवढा उरलाय.

साखर चारशे तीस.
त्यात दमा.
रात्री दोनला मान लांब करून
फरशीला चिकटून खोकतो,
आतून कुणी रिकामं पोतं ओढावं तसा.

पशुवैद्यकीय कॉलेजातल्या वाकळे मॅडम म्हणाल्या,
स्टेरॉइड दिलं तर दोन-तीन दिवसांत श्वास मोकळा होईल.
आणि साखर चढेल.
इन्सुलिन ऐकेनासं होईल.
नाही दिलं तर साखर आवाक्यात येईलही,
श्वासाचं सांगता येत नाही.
मग काय करावं?
"तुम्ही काटेवाले ना?" त्या हसल्या.
मला राग आला.
काटा वजन सांगतो, मॅडम.
घ्यावं का, हे नाही सांगत.

तो शब्द माझ्या ओळखीचा होता.
रुक्माक्का, माझी थोरली बहीण, पाथरीकडे दिलेली.
दर बाजाराला गुडघ्यांसाठी सुई घ्यायची.
कसली सुई, तिनं विचारलं नाही,
त्यानं सांगितलं नाही.
"लई गुणाचा हात हाय बाबा त्येचा."
तोंड गोल होत गेलं,
आम्ही म्हणायचो, अक्काला बाळसं धरलंय.
पायाची जखम भरेना
तेव्हा कुणाला तरी साखर तपासायची आठवण झाली.

पण सुईनंतरचे ते तीन दिवस खोटे नव्हते.
त्या तीन दिवसांत ती जिना चढायची,
नातवाला कडेवर घ्यायची,
भांडायचीसुद्धा उभ्यानं.
हे मी कुणापुढं बोलत नाही.

इंदुमती म्हणाली, "अक्काला कुणी सांगितलं नव्हतं.
आपल्याला सांगितलंय. एवढाच फरक.
आता पोराला गुदमरू द्यायचं का?"

ब्लेडनं गोळीचे दोन तुकडे केले.
सोनाराचा काटा दुरुस्तीला आला होता,
त्यावर दोन्ही ठेवून पाहिले.
सारखे नव्हते.
लहान तुकडा सुकटीच्या चुऱ्यात कालवला.
सरपंचानं सुकट खाल्ली
आणि तुकडा पायपुसण्यावर ठेवला.
मग जबडा धरावा लागला. माझा अंगठा अजून दुखतो.

सकाळ-संध्याकाळ कानाचा थेंब, मग इन्सुलिन.
दोनचे तीन युनिट झाले.
लाईट गेली की बाटली डब्यात,
डबा ओल्या फडक्यात, फडकं माठाच्या बुडाशी.
पाहुणे पाणी मागतात तेव्हा इंदुमती ओरडते,
"त्याला हात लावू नका, औषध हाय."
साखर चारशे ऐंशी. चारशे साठ. पाचशे दहा.
आकडे पावतीबुकाच्या मागं लिहितो.

आता मॅडम पंप आणायला सांगतात,
लहान लेकरांचा मास्क लावून.
औषध बरंचसं छातीतच राहतं, रक्तात कमी जातं.
मग गोळी हळूहळू उतरवू,
एकदम तोडायची नाही.
पंपाची किंमत ऐकून मी गप्प.
सरपंच मास्क बघून पलंगाखाली.

काल रात्री दोनला जाग आली.
खोकला नव्हता.
काहीच आवाज नव्हता, म्हणून घाबरून उठलो.
तो चुलीशेजारच्या पोत्यावर, कुशीवर,
पोट वर-खाली. साधं. घाई नसल्यासारखं.
मी तिथंच बसलो,
खुळ्यासारखा मोजत,
मिनिटाला किती.

आज सोमवार.
चार किलो तीनशे साठ.
दहा ग्रॅम.
एवढी चूक काट्यात धरतातच,
मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगतो.
तरी लिहून ठेवलं.