पेवाचं तोंड

निगेटिव्ह खिडकीकडं धरली की पेव कोरं दिसतं.
जिथं उजेड पोचलाच नाही तिथं फिल्म काचेसारखी,
आणि माणसांचे सदरे काळे, टोप्या काळ्या,
हरिपूरचं दुपारचं आभाळ डांबर ओतल्यागत.
स्कॅनर कुरकुरत पुढं सरकतो.
मग एका बटणावर सगळं उलटं:
सदरे पांढरे होतात, पेव काळं.

सम्मेद आरवाडे म्हणाला, दुकानात लावायचाय,
आजोबांचा चेहरा तेवढा उठवा.
सोबत जुना प्रिंट दिला, कडेला हळदीचे अंगठे.
मिरजेच्या दस्तगीर मुल्लांच्या हातचा.
ते कडक कागदच वापरायचे:
पांढरं म्हणजे चुना, काळं म्हणजे तवा.
मधे काही असतं यावर त्यांचा विश्वास नव्हता,
किंवा गिऱ्हाइकांचा नव्हता.

माझं पोट मधल्यावरच चालतं.
स्क्रीनवर एक डोंगर येतो, डावीकडं कडा तुटलेला.
हळद इथं राखाडी, चुलीतल्या राखेहून जरा उजळ,
तरी मला ती पिवळीच दिसते,
गणपती पेठेतनं रोज शिंकत येते मी.
रेषेला मधे धरून वर उचलते,
खाली एक ठिपका ठोकते, दावं बांधावं तसा.
आजोबांच्या नाकाखालची सावली सुटते,
मिशी केसाकेसानं मोकळी होते.
इथं थांबायचं होतं. पैसे तेवढ्याचेच होते.

पण पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे आत.
तोंड मोकळं ठेवायचे, वाफ जाऊ द्यायची,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
जळत राहिला तर माणूस.
हे यशवंत कोष्टींनी सांगितलेलं,
चाळीस वर्षं तोलाई केलेले.

मीही सोडला.
सावल्यांची पट्टी दहा, वीस, तीस,
आणि अडतिसाला खालून एक तोंड वर बघतंय.

मुंडासं. भुवयांवर धूळ. एक हात दोरीला.
ओठ उघडे, काहीतरी सांगतोय,
आणि काठावरच्या आठांतला एकही ऐकत नाही,
सगळे लेन्सकडं बघून हसू दाबतायत.

आणखी ओढलं तर रवा फुटतो,
काळ्याचं ताक होतं, चेहऱ्याच्या मुंग्या.
मागं घेतलं तर कंदील विझतो.
एकोणचाळीस. सदतीस. पुन्हा अडतीस.

कोष्टींना दाखवला. चष्मा पुसून म्हणाले,
सदू ऐवळे. नाही, सदू उंच. हा त्याचा मेव्हणा.
चहा संपेस्तोवर तिसरं नाव निघालं.
मग म्हणाले, ह्याचा फोटो कोण कशाला काढतंय,
वर यायला उशीर झाला असंल, एवढंच.

सम्मेदनं मोबाइलवर मोठा करून बघितला,
आजोबांपाशी थांबला, खूश झाला.
मग बोट खाली आलं.
हे कोण?
पेवात माल किती आहे ते सांगत असेल, म्हटलं.
परत काळं करता येतं ना?
येतं. दोन सेकंदांचं काम.
बोट काचेवर बराच वेळ होतं,
तोंडावर नाही, तोंडाशेजारी.
विचारून सांगतो, म्हणाला.
कुणाला, ते नाही सांगितलं.

दिवाळी होऊन गेली.
फाइलचं नाव अजून तेच:
आरवाडे, पेव, अडतीस.